फिंचचा कोट आणि सियाचीनचा घाम

लखनौच्या अलीगंजमधून बोलतोय. मागच्या भागात आपण मॉस्कोच्या वेशीवर थिजलेल्या जर्मन फौजेची गोष्ट पाहिली. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: साहेब, ते झालं जर्मनांचं, आपल्या जवानाच्या अंगावर काय असतं? प्रश्न रास्त आहे. बंदुकीवर, तोफेवर, विमानावर आपण तासन्‌तास बोलतो. कोटावर कुणी बोलत नाही. तेव्हा आज कोट. सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या एका कोटापासून करतो. तो ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस पुढे पुण्यात पाच वर्षं नोकरी करून गेला.

पण त्याआधी एक साधी गोष्ट पक्की करून घेऊ. कोट ऊब देत नाही. ऊब आपल्या शरीराची असते, कोट ती फक्त धरून ठेवतो. आणि धरतो कशाने? हवेने. जागच्या जागी अडकून राहिलेल्या हवेने. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. नोव्हेंबर लागला की आमच्याकडे रजया भरणारे दिसू लागतात. पूर्वी पिंजारी पिंजण घेऊन दारात बसायचा, आता यंत्रावर रुई पिंजतात. जुन्या रजईतली दबलेली रुई काढतात, पिंजतात, आणि तीच रुई पुन्हा दुप्पट फुगून आत जाते. वजन तेवढंच, रुई तीच, वाढली ती फक्त हवा. मग वरून टाके घालतात. का घालतात? नाहीतर सगळी रुई एका कोपऱ्यात गोळा होईल आणि उरलेल्या जागी नुसती दोन कापडं एकमेकांना चिकटतील. हे टाके, त्यांचे कप्पे आणि फुगलेला भराव एवढं ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१९२२ सालची ब्रिटिशांची एव्हरेस्ट मोहीम. फोटो पाहिलेत तर वाटेल, ही मंडळी रविवारच्या शिकारीला निघाली आहेत. ट्वीडचे कोट, लोकरी स्वेटर, पायाला पट्ट्या, वर वारा अडवायला गॅबर्डिन. त्या मोहिमेत जॉर्ज इंगल फिंच नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. जन्म १८८८ चा, ऑस्ट्रेलियातला. शिक्षण झुरिकला, नोकरी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात. पहिल्या महायुद्धात तो काही काळ ऑर्डनन्स खात्यात होता, म्हणजे एका अर्थी आमच्याच बिरादरीतला. त्याने स्वतःच्या हिशोबाने एक कोट शिवून घेतला. बलून बनवायला जे हलकं, दाट विणीचं कापड वापरत, ते त्याने बाहेरून लावलं. आत आयडर नावाच्या समुद्री बदकाची मऊ लव भरली आणि रजईसारखे टाके घातले. रंग हिरवा, लांबी गुडघ्यापर्यंत. मोहिमेतल्या इतरांना तो ध्यानच वाटला. त्यांनी फिंचची भरपूर थट्टा केली. वर चढत गेले आणि थंडी वाढत गेली, तशी थट्टा बंद झाली आणि हेवा सुरू झाला. त्याने स्वतःच डायरीत तशी नोंद करून ठेवली आहे.

फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा पलटणीतला तेजबीर बुरा, असे तिघं सुमारे २५,५०० फुटांवर एका तंबूत वादळात दोन रात्री अडकून पडले. ब्रूस हा आपल्याच, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी, आणि गिर्यारोहणात अगदी नवखा. २७ मे १९२२ ला फिंच आणि ब्रूस २७,३०० फुटांपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कुणी माणूस चढला नव्हता. यात प्राणवायूच्या नळकांड्यांचा वाटा मोठा होता, आणि तेही प्रकरण फिंचनेच अंगावर घेतलं होतं. पण कोटाचा वाटा मी कमी धरत नाही. दोन रात्री तशा तंबूत काढून तिसऱ्या दिवशी वर चढायला माणूस उठतो, तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं हे विचारायलाच हवं.

आज कुठल्याही दुकानात लटकलेलं फुगीर जाकीट पाहिलंत, तर ते या कोटाचं नातवंड आहे. अमेरिकेत एडी बाउअरने पिसांचं टाके घातलेलं जाकीट १९३६ मध्ये बाजारात आणलं, १९४० मध्ये पेटंटही मिळवलं. फिंच त्याच्या चौदा वर्षं आधीचा. त्याला मात्र १९२४ च्या मोहिमेत घेतलं नाही. माणूस फटकळ होता, क्लबातल्या मंडळींशी त्याचं जमलं नाही. फौजेतही असे लोक असतात. त्यांचं म्हणणं बरोबर निघतं आणि बढती दुसऱ्याला मिळते.

आता पुणं. स्वतंत्र भारताने ज्या पहिल्या काही मोठ्या प्रयोगशाळा उभ्या केल्या, त्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल. जानेवारी १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पहिले संचालक मॅकबेन. दुसरे संचालक, १९५२ ते १९५७, प्रोफेसर जॉर्ज इंगल फिंच. तोच हिरव्या कोटाचा फिंच. पाषाण रोडवरून ये-जा करणाऱ्या किती पुणेकरांना हे माहीत असेल? एनसीएलचं काम रसायनांचं, उद्योगांना लागणाऱ्या प्रक्रियांचं. सैन्याचे कोट शिवणं हे तिचं काम नव्हतं, त्यामुळे कुणावर ठपका ठेवायचा हेतू नाही. मला फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. फिंच पुण्यातून गेला १९५७ ला. त्यानंतर पाच वर्षांनी आला १९६२ चा ऑक्टोबर.

नामका चू नदीच्या काठी आपली ७ इन्फन्ट्री ब्रिगेड उभी होती. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे कमांडर. त्यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मैदानातून घाईघाईने वर चढवलेल्या पलटणी सुती गणवेशात, कॅनव्हासच्या बुटांत, माणशी एका ब्लँकेटवर आणि खिशातल्या पन्नास गोळ्यांवर तिथे बसल्या होत्या. चिनी शिपायांच्या अंगात रुई भरलेले, टाके घातलेले कोट होते. म्हणजे रजईच. पिंजारी आपल्याकडेही होता, रुईही होती. तरी आपल्या शिपायाच्या अंगावर ती नव्हती. कारण कपडा ही तेव्हा ‘स्टोअर’ची बाब होती. रजिस्टरमध्ये चादर, मच्छरदाणी आणि बादली यांच्या शेजारी तिची नोंद. शस्त्रांच्या यादीत तिला जागा नव्हती. त्या पराभवानंतर १९६३ मध्ये इथे लखनौला सेंट्रल कमांडचं मुख्यालय पुन्हा उभं राहिलं, हेही जाता जाता सांगतो. माझ्यासारखे कितीतरी मराठी फौजी त्याच निमित्ताने या शहरात आले आणि इथलेच झाले.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं कुणी म्हणू नये. धनगराची घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ. पाऊस आला की घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घ्यायची. लोकर ओली झाली तरी अंग गार पडू देत नाही, सुताचं तसं नाही. आणि त्याहून हुशार वस्तू म्हणजे कोकणातलं इरलं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पानं. भातलावणी करणारी बाई वाकलेली असते, पाठीवर धो धो पाऊस. इरलं पाठीला चिकटत नाही, मध्ये हवा खेळते, पुढची बाजू उघडी. वरून पाणी आत येत नाही आणि कामाचा घाम बाहेर निघून जातो. आजच्या महागड्या जाकिटांच्या जाहिराती पाहा, नेमका हाच दावा करतात.

घाम. आजच्या गोष्टीतला खरा शत्रू हा आहे. थंडीत लोक बाहेरून येणाऱ्या बर्फाला घाबरतात. उंचावर काम केलेला माणूस आतून येणाऱ्या पाण्याला घाबरतो. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन तुम्ही चढण चढता, उणे वीस असलं तरी घामाने भिजता. मग थांबता. पाच मिनिटांत तो घाम गार पडतो, अर्ध्या तासात बनियन पाठीला बर्फासारखं लागतं. पाणी हवेपेक्षा वीसपट जास्त वेगाने ऊब पळवतं. पिसांचा कोट भिजला की पिसं चिकटतात, हवा जाते, आणि हातात राहतं ते ओलं फडकं. म्हणून फिंचचा कोट एकटा पुरत नाही. तो विसाव्याचा कोट, चढणीचा नव्हे.

यावरचं उत्तर जगाने तुकड्या-तुकड्याने शोधलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी व्हेंटाइल नावाचं कापड काढलं. लांब धाग्याचा कापूस इतका दाट विणायचा की भिजल्यावर धागे फुगून भोकं आपोआप बुजतील. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी ते होतं. त्याच युद्धात अमेरिकेच्या क्वार्टरमास्टर खात्यात जॉर्ज डोरिओ नावाचा, मूळचा फ्रेंच, हार्वर्डचा प्रोफेसर बसला होता. त्याच्या विभागाने एक जाडजूड कोट देण्याऐवजी थरांचा विचार रुजवला. आतला थर घाम टिपणारा, मधला हवा धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा. काम वाढलं की एक थर काढा, थांबलात की चढवा. १९४३ चं त्यांचं फील्ड जाकीट याच विचारातून आलं. आणि १९६९ मध्ये बॉब गोर या तरुणाने टेफ्लॉनची कांडी तापवून झटक्यात ताणली. तिच्यातून एक पापुद्रा तयार झाला, ज्याची भोकं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या कणाहून शेकडो पटींनी मोठी. पाऊस आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. हेच गोर-टेक्स. इरल्याचं काम करणारं कापड, असं मी म्हणतो.

कापड मिळालं म्हणजे कपडा झाला असंही नाही. खरी मेख शिवणीत आहे. सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, म्हणजे पाणी न येणाऱ्या कापडात तुम्ही स्वतः हजार छिद्रं पाडता. म्हणून आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी गरम करून चिकटवावी लागते. पिसांच्या कोटात टाका आरपार गेला तर त्या रेषेवर हवा उरतच नाही, थंडी तिथून शिरते. म्हणून आतल्या बाजूला कापडी भिंती घालून कप्पे करतात. आणि बगल! बर्फात कुऱ्हाड मारायला हात वर केला की साधं जाकीट वर सरकतं आणि पोट उघडं पडतं. त्यावर उपाय म्हणजे काखेत एक चौकोनी तुकडा जोडायचा. लखनौच्या कुठल्याही जुन्या दर्जीला विचारा, तो म्हणेल, हा तर चौबगला. कुर्त्यात आणि अंगरख्यात पिढ्यान्‌पिढ्या शिवला जातोय.

आता १९८४. सियाचीनवर कर्नल नरेंद्र कुमार, आमचे ‘बुल’ कुमार, १९७८ पासून मोहिमा काढत होते आणि पलीकडच्या हालचालींची खबर आणत होते. मग ती प्रसिद्ध गोष्ट. पाकिस्तानने लंडनच्या एका व्यापाऱ्याकडे अतिथंड हवामानाचे कपडे मागवले, आणि तोच व्यापारी आपल्यालाही माल देत असल्याने बातमी इकडे पोचली, असं सांगतात. म्हणजे त्या हिमनदीवर आधी कोण पोचणार हे एका अर्थी शिंप्याच्या ऑर्डरवहीने ठरवलं. आपले कपडेही परदेशातूनच आले, आणि आले तेही मोहिमेच्या आदल्या संध्याकाळी. १३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. पहाटे पहिलं चीता हेलिकॉप्टर उडालं. बिलाफोंड ला या खिंडीवर सगळ्यात आधी उतरले ४ कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांचा एक जवान. हो, आपले कुलकर्णी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. दुपारपर्यंत त्यांची एकोणतीस जणांची प्लाटून वर उतरली. आणि मग वादळ आलं. हेलिकॉप्टरं थांबली. उणे तीसच्या आसपास तापमान. रेडिओ ऑपरेटरला उंचीचा आजार झाला, त्याला आधीच खाली न्यावं लागलं होतं. पुढच्या दिवसांत एक जवान गेला. एकोणतीसपैकी एकवीस जणांना हिमदंश झाला, असं जनरल कुलकर्णींनी नंतर स्वतः सांगितलं आहे.

हा आकडा पुन्हा पाहा. यांच्या अंगावर तेव्हाचे उत्तम परदेशी कपडे होते. १९६२ चे कॅनव्हासचे बूट असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको. पण आदल्या संध्याकाळी हाती आलेला कपडा हा पूर्ण कपडा नसतो. तो घालून माणूस चाललेला नाही, झोपलेला नाही. हातमोजा घालून चेन ओढता येते का, कोणता थर कधी काढायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. कपड्याला सराव लागतो, रायफलीला लागतो तसाच.

मी वर होतो ती वेळ यानंतर काही वर्षांची. मला मिळालेलं जाकीट एखाद्या सहा फुटी युरोपियनासाठी शिवलेलं होतं. बाह्या बोटांच्या पुढे, कंबर सैल. आमचे डोंगराळ भागातले जवान पाच फूट चार इंचांचे. सैल जाकीट म्हणजे नुसतं दिसायला वाईट नव्हे. हालचाल केली की खालून गरम हवा फुस्सकन बाहेर जाते आणि गार हवा आत येते, भात्यासारखी. माझा सुभेदार कमरेला दोरी बांधून घ्यायचा. सगळ्या प्लाटूनने त्याचं पाहून दोरी बांधली. मला विचाराल तर कपड्यातली ती आमची पहिली स्वदेशी सुधारणा. घामाचा नियमही त्याचाच होता. चढायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ज्याला सुरुवातीलाच उबदार वाटतंय, त्याने एक थर काढून पिशवीत टाकावा. कुठल्याही पुस्तकात मी हे इतकं नेमकं वाचलेलं नाही.

सियाचीनवर शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने जास्त माणसं घेतली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही कपडा बराच काळ बाहेरूनच येत राहिला. २०२० च्या फेब्रुवारीत संसदेसमोर आलेल्या कॅगच्या अहवालात उंचावरच्या जवानांच्या बुटांच्या, बर्फाच्या गॉगलांच्या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान झालं. लडाखमध्ये हजारो जादा जवानांना हिवाळा काढायचा होता, आणि अमेरिकेकडून तातडीने थंडीचे कपडे आणावे लागले. १९८४ नंतर छत्तीस वर्षांनी. जे तंत्र आपल्याला जमत नाही असं नाही, तेच आपण पुन्हा दुकानातून आणत होतो. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. २७ डिसेंबर २०२१ ला डीआरडीओने स्वतः तयार केलेल्या तीन थरांच्या पोशाखाचं तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिलं. अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांपर्यंत, कामाचा जोर किती आहे ते पाहून थर जुळवायचे, अशी त्याची रचना. डोरिओचाच विचार, पण आपल्या अंगाच्या मापाचा आणि आपल्या डोंगराचा. २०२५ च्या जानेवारीत ‘हिमकवच’ या बहुथरी पोशाखाच्या चाचण्या यशस्वी झाल्याची बातमी आली. तो उणे साठपर्यंतचा. मी नावाला भुलत नाही. माझे प्रश्न साधे आहेत. दोन दिवस बाहेर काढल्यावर आतला थर किती ओला असतो? रात्री स्लीपिंग बॅगेत तो अंगावरच वाळतो का? मोजे घातलेल्या हाताने चेन लागते का? आणि मापं किती आहेत, तीन की नऊ?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून फार लांब नाही. अलीगंजहून सीतापूर रोड धरला की सीतापूरच्या पुढे शहाजहानपूर लागतं. तिथला सैन्याच्या कपड्यांचा कारखाना १९१४ चा, म्हणजे पहिल्या महायुद्धापासून तो फौजेसाठी शिवतोय. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची फेररचना झाली, तेव्हा तो ट्रूप कम्फर्ट्स या कानपूरच्या सरकारी कंपनीत गेला. त्याच कानपुरात डीआरडीओची डीएमएसआरडीई, म्हणजे सैन्याला लागणारे कापड आणि इतर पदार्थ यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा, कारखाना, दर्जी, पिंजारी, सगळं एका दिवसाच्या मोटारीच्या अंतरात आहे. पुण्यात फिंच होता तेव्हा यातलं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आता बोलायला लागले आहेत, तर त्या खोलीत एक खुर्ची सुभेदाराची असावी. कमरेला दोरी बांधणाऱ्याची.

पायांबद्दल आज मी मुद्दाम बोललो नाही. सर्वात आधी जातात ती पायाची बोटं, आणि बुटाचं गणित कोटाहून अवघड आहे, कारण पायाचा घाम जायला वाटच नसते. ते पुढच्या भागात.